भरारी आणि पदरमोड

1989 साली कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, किचनर शहरात भरलेल्या एका स्पर्धेत सतरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने सायकलसकट हवेत अडीच गिरक्या घेतल्या आणि तो दोन्ही चाकांवर सुखरूप उतरला. 900 अंशांची ही गिरकी तोवर स्पर्धेत कोणालाच साधली नव्हती. स्केटबोर्डवर तिचा मान टोनी हॉकला मिळाला, तो 27 जून 1999 रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. हॉकचा तो क्षण टीव्हीवरून घरोघरी पोहोचला. सायकलवरच्या पहिल्या गिरकीच्या वाट्याला तेवढे प्रेक्षक आले नाहीत. ती मारणाऱ्या मुलाचे नाव मॅट हॉफमन, गाव ओक्लाहोमा राज्यातले एडमंड.

त्याच 1989 मध्ये या खेळाचे मुखपत्र मानले जाणारे ‘फ्रीस्टाइलिन’ हे मासिक बंद पडले. सायकल कंपन्या खेळाडूंचे करार आवरते घेत होत्या, स्पर्धांचे पुरस्कर्ते पाठ फिरवत होते. खेळातली सर्वांत अवघड गोष्ट साधायला आणि खेळाचा बाजार उठायला एकच मुहूर्त लागला. हॉफमनची कहाणी बहुतेक जण त्याच्या उंचीच्या विक्रमांवरून सांगतात. माझ्या मते त्याचे खरे काम 1989 ते 1995 या सहा वर्षांतले आहे. तेव्हा या खेळाकडे बघायला कोणी नव्हते, आणि त्यावर पैसा लावायला तर नव्हतेच नव्हते.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. जन्म दक्षिण कॅलिफोर्नियातला. 1963 मध्ये श्विन कंपनीने ‘स्टिंग-रे’ नावाची मुलांची सायकल काढली. चाके लहान, हँडल उंच, बसायची गादी केळ्यासारखी लांबट. मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यतींचे तेव्हा तिकडे वेड होते, आणि मोठ्यांचे पाहून पोरांनी या सायकली माळावर, ढिगाऱ्यांवर घालायला सुरुवात केली. 1970 साली लाँग बीचच्या स्कॉट ब्राइटहॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने आपल्यासारख्याच पोरांना जमवून मातीच्या मैदानात शर्यती भरवल्या. पुढच्याच वर्षी ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ हा मोटारसायकलींवरचा माहितीपट आला. त्याच्या सुरुवातीलाच सायकलवर मोटोक्रॉसची नक्कल करणारी मुले दिसतात. ते पाहून देशभरची पोरे पेटली. वाढत्या वयाच्या मुलांनी स्वतःच उभा केलेला हा खेळ आहे, आणि पुढच्या सगळ्या घडामोडी याच उगमातून समजतात.

शर्यतीत पुढे जायचे असते. फ्रीस्टाइलमध्ये कुठेच जायचे नसते. असलेल्या जागेत सायकलकडून काय काय करून घेता येते, ते करायचे. ही वाट पाडणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव बॉब हॅरो याचे. हात चित्रकाराचा. शर्यतीच्या सायकलींसाठी तो नक्षीदार नंबरपट्ट्या बनवून विकायचा. पुढे बॉब ऑस्बॉर्न यांच्या ‘बीएमएक्स अॅक्शन’ मासिकात तो चित्रे काढू लागला. संपादकांचा मुलगा आर. एल. ऑस्बॉर्न आणि हॅरो या दोघांनी मिळून सायकलवरच्या कसरतींचे प्रयोग बसवले. 1980 मध्ये अॅरिझोनातल्या एका शर्यतीच्या वेळी त्यांनी आपला पहिला जाहीर प्रयोग केला आणि 1981 मध्ये हॅरो गाडी काढून देशभर प्रयोग करत फिरला. 1982 साली त्याने ‘हॅरो फ्रीस्टाइलर’ ही खास या खेळासाठी घडवलेली फ्रेम बाजारात आणली. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ त्याच वर्षीचा. त्यातल्या सायकलींच्या पाठलागात चालवणाऱ्यांमध्ये हॅरोही होता.

इथे सायकलीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण या खेळाची निम्मी गंमत तिच्यात आहे. चाक वीस इंची. गिअर नाहीत, मडगार्ड नाही, कॅरियर नाही. फ्रेम क्रोमोली नावाच्या पोलादी नळीची, वजनाला हलकी आणि मार खायला दणकट. चाकांच्या आसावर दोन्ही बाजूंनी बोटभर जाड नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना पेग म्हणतात. पेगवर पाय ठेवून सायकल एका चाकावर फिरवता येते किंवा कठड्यावरून घसरत नेता येते. हँडल पूर्ण गोल फिरवायचे तर मागच्या ब्रेकची तार त्याला गुंडाळली जाते. त्यावर उपाय म्हणून हँडलच्या दांड्याखाली एक फिरती चकती आली, जायरो नावाची. तार चकतीच्या वरच्या भागाला येऊन थांबते, खालून दुसरी तार ब्रेककडे जाते, आणि हँडल हवे तितके फिरले तरी पीळ पडत नाही. एवढीशी चकती आली आणि हँडलच्या गिरक्यांचे अख्खे दालन उघडले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला खेळ बहरात होता. बॉब मोरालेस याच्या अमेरिकन फ्रीस्टाइल असोसिएशनच्या स्पर्धा मोठमोठ्या सभागृहांत भरत. एडी फियोला स्केटपार्कच्या काँक्रीटच्या वाडग्यांतून सायकल उडवून दाखवत होता. 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या स्पर्धेत चौदा वर्षांचा मॅट हॉफमन हौशी गटात उतरला आणि लोकांच्या नजरेत भरला. कॅलिफोर्नियाच्या मुलांना सराव करायला स्केटपार्क होते, मासिकांची कार्यालये शेजारी होती, कंपन्या तिथल्याच. ओक्लाहोमात यातले काहीच नव्हते. हॉफमनचा सराव घरच्या रॅम्पवर झाला. कोणती कसरत करायची आणि कोणती अशक्य आहे, हे सांगणारेही आसपास कोणी नव्हते. याचा त्याला फायदा झाला असे मला वाटते. आधी स्कायवे आणि मग खुद्द हॅरो कंपनीने त्याला आपल्या चमूत घेतले.

मग ओहोटी लागली. लहान मुलांच्या पैशावर उभा असलेला बाजार मुले मोठी झाली की बसतो, तसा हा बसला. दुकानांत माउंटन बाइकची चलती सुरू झाली. ‘फ्रीस्टाइलिन’ आणि ‘बीएमएक्स अॅक्शन’ एकत्र करून ‘गो’ नावाचे मासिक काढले गेले, तेही काही वर्षांत मिटले. रॅम्पवरच्या खेळाडूंसाठी ‘टू-हिप’ ही स्पर्धामालिका रॉन विल्करसन 1987 पासून चालवत होता. विल्करसन स्वतः अव्वल दर्जाचा खेळाडू. खेळाडूनेच स्पर्धा भरवायची, हा धडा आधी त्याने घालून दिला, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

हॉफमनने तो धडा पुढे नेला. विशीच्या उंबरठ्यावर असताना त्याने मोठ्या कंपनीची साथ सोडली आणि 1991–92 च्या सुमारास ओक्लाहोमा सिटीत दोन उद्योग सुरू केले. एक हॉफमन बाइक्स, सायकली बनवणारी कंपनी. दुसरी हॉफमन प्रमोशन्स, स्पर्धा भरवणारी. सोबत होता स्टीव्ह स्वोप, त्याचा जुना सोबती आणि व्यवहाराची बाजू सांभाळणारा माणूस. शिवाय ‘स्प्रॉकेट जॉकीज’ नावाचा कसरतपटूंचा संच होता. तो जत्रांतून, मनोरंजन उद्यानांतून प्रयोग करायचा, आणि खेळाडूंच्या हाती चार पैसे पडायचे.

कंपनी काढण्यामागचे कारण साधे होते. बाजारातल्या सायकली हॉफमन चालवत होता तशा चालवण्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. तो उंचावरून उतरला की फ्रेमचे जोड तडकत, फोर्क वाकत. बाजार बसल्यावर बड्या कंपन्यांना या खेळासाठी नवी फ्रेम घडवण्यात रस उरला नव्हता. तेव्हा चालवणाऱ्यानेच बनवायला घेतल्या. पुढे टाज मिहेलिचसारखे खेळाडू हॉफमन बाइक्समध्ये शिकून बाहेर पडले आणि त्यांनी आपापल्या छोट्या कंपन्या काढल्या. खेळाडूंच्या मालकीच्या कंपन्यांचा हा जो वंश नव्वदच्या दशकात वाढला, त्याने या खेळाचा कणा बनवला. कारखानदाराचा हिशेब चुकला की तो दुसरा माल विकायला लागतो. या मुलांपुढे दुसरा माल नव्हता.

1992 मध्ये हॉफमनने ‘बायसिकल स्टंट’ ही स्पर्धामालिका सुरू केली. स्पर्धा भरवणे म्हणजे काय, हे ज्याने कधी गावातली एखादी स्पर्धा भरवली आहे त्याला वेगळे सांगायला नको. जागा मिळवायची, विमा उतरवायचा, प्लायवूड आणि लाकडी फळ्या आणून रॅम्प ठोकायचे, परीक्षक गोळा करायचे, बक्षिसाची रक्कम उभी करायची. मग हे सगळे झाल्यावर हेल्मेट चढवून स्वतः स्पर्धेत उतरायचे, आणि शेवटी रॅम्प उसकटून ट्रकमध्ये भरायचे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, ही आपल्याकडची म्हण या माणसाला अक्षरशः लागू पडते. प्रयोगांतून आणि सायकलींतून आलेला पैसा स्पर्धांत जायचा. प्रेक्षक थोडे असायचे. मात्र देशभर विखुरलेली, आपापल्या अंगणात एकट्याने सराव करणारी मुले त्या निमित्ताने एकमेकांना भेटत राहिली, आणि एकाने काय नवे केले ते दुसऱ्याने पाहिले. अशा खेळात शिकण्याचा दुसरा मार्ग नसतो. प्रशिक्षक नाही, पाठ्यपुस्तक नाही. ती साखळी त्या काळात तुटली असती तर नवी पिढी शून्यापासून सुरू झाली असती.

याच वर्षांत हॉफमनच्या डोक्यात एक वेगळाच ध्यास शिरला. स्पर्धेचा उभा रॅम्प तेव्हा साधारण दहा-अकरा फुटांचा असे, आणि चांगला खेळाडू त्याच्या कडेपासून आणखी आठ-दहा फूट वर जाई. हॉफमनला प्रश्न पडला, की रॅम्पच दुप्पट उंच केला तर? उत्तर कोणाला ठाऊक नव्हते. त्याने ओक्लाहोमात मोकळ्या रानात 21 फूट उंचीचा क्वार्टर-पाइप उभारला. क्वार्टर-पाइप म्हणजे पायथ्याशी जमिनीला चिकटलेली आणि वर जात जात उभी भिंत होणारी वक्र लाकडी चढण. ही चढण वेगाला वर वळवते. खेळाडू कडेच्या वर सुटतो, हवेत वळतो आणि त्याच उभ्या भिंतीवर परत उतरतो. उतरताना भिंतीपासून हातभर बाहेर पडला तर खाली सपाट जमीन असते.

यातले गणित सरळ आहे. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढ्या मोठ्या रॅम्पवरून वीस-बावीस फूट वर जायला पायथ्याशी जो वेग लागतो, तो वीस इंची चाकाच्या सायकलवर पायडल मारून मिळत नाही. म्हणून प्लायवूडची लांब धावपट्टी अंथरली गेली आणि मोटारसायकलला दोर बांधला गेला. दोराचे दुसरे टोक हॉफमनच्या हातात. मोटारसायकल सुसाट सुटायची, रॅम्प जवळ आला की ती बाजूला वळायची, हॉफमन दोर सोडायचा आणि चढणीला भिडायचा. या सगळ्यात चूक करायला जागा कुठेच नव्हती. दोर क्षणभर उशिरा सुटला तरी तोल गेला. प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये सांध उरला तरी तेच. रानातला वारा तर कोणाच्याच हातात नव्हता, आणि हवेत सायकल व माणूस मिळून शिडासारखा वारा धरतात.

त्याने कडेच्या वर वीस फुटांची मजल गाठली. सायकलच काय, अशा कोणत्याही रॅम्पवर कोणी इतके वर गेल्याचे ऐकिवात नव्हते. आणि हे पाहायला होते कोण? मूठभर मित्र आणि एक-दोन कॅमेरे. बंद पडलेल्या ‘फ्रीस्टाइलिन’मधला छायाचित्रकार स्पाइक जोन्झ हा हॉफमनच्या मित्रांपैकी एक. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून तो नावारूपाला आला आणि 2014 मध्ये पटकथेचे ऑस्कर घेऊन गेला. 2010 साली हॉफमनवर ‘द बर्थ ऑफ बिग एअर’ हा माहितीपट निघाला, तेव्हा निर्मात्यांत जोन्झ होता. कित्येक वर्षांपूर्वी रानात घडलेली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली ती जुन्या मित्रांनी जपलेल्या चित्रफितींमुळे.

या रॅम्पने त्याचा जीवही जवळजवळ घेतलाच होता. एका पडण्यात त्याची पानथरी फुटली. बाहेरून जखम दिसत नव्हती. रक्त पोटातल्या पोटात वाहत होते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली म्हणून तो वाचला. बरा झाल्यावर तो पुन्हा सायकलवर बसला, स्पर्धा भरवत राहिला, आणि मोठा रॅम्प त्याने डोक्यातून काढला नाही.

1995 मध्ये दिवस पालटले. अमेरिकेतल्या ईएसपीएन वाहिनीला तरुण प्रेक्षक हवे होते. 1993 मध्ये तिने दुसरी वाहिनी सुरू केली होती, आणि तिच्यासाठी नवे खेळ शोधले जात होते. त्यातून जून 1995 मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात ‘एक्स्ट्रीम गेम्स’ भरले, पुढच्या वर्षीपासून ज्यांना एक्स गेम्स म्हणू लागले. वाहिनीकडे पैसा होता, कॅमेरे होते. पण सायकलवरच्या कसरतींची स्पर्धा कशी घ्यायची, रॅम्प कसा असावा, कोणाला बोलवायचे, हे तिथे कोणाला माहीत असणार? ते ज्याला माहीत होते तो तीन वर्षे पदरमोड करून हेच काम करत होता. बीएमएक्सच्या स्पर्धांची आखणी हॉफमनच्या कंपनीकडे आली. आणि उभ्या रॅम्पच्या स्पर्धेत 1995 आणि 1996 अशी दोन्ही वर्षे सुवर्णपदक त्यानेच जिंकले. आयोजक आणि विजेता एकच, हे ऐकायला खटकते. पण जो खेळ एका माणसाने वाईट काळात अंगाखांद्यावर वाहिला, तिथे याहून वेगळे काय होणार होते?

ईएसपीएन आपल्याकडे केबलवर दिसू लागले तेही याच सुमारास. घरी टीव्हीसमोर बसून सायकलवर उलटी कोलांटी मारणारे परदेशी तरुण पाहिलेल्या मराठी मुलांच्या पिढीला आयोजकाचे नाव कळण्याचे कारण नव्हते.

टीव्हीने खेळाला पैसा दिला आणि तारे दिले. सर्वांत मोठा तारा डेव्ह मिरा. न्यूयॉर्क राज्यातल्या चिटेनँगो या छोट्या गावचा. एक्स गेम्समध्ये त्याने 24 पदके मिळवली, त्यांतली 14 सुवर्ण. 2000 साली त्याने स्पर्धेत पहिल्यांदा दुहेरी उलटी कोलांटी मारून दाखवली. सफाईदारपणात तो हॉफमनच्या पुढे होता, हे मान्य करायला हवे. हॉफमनची ताकद वेगळ्या जागी होती. कोणी न केलेले करून पाहणे, मग ते सुबक दिसो वा न दिसो. कोलांटी आणि अर्धी गिरकी एकत्र गुंफणारी ‘फ्लेअर’ त्यानेच आणली. 2002 च्या एक्स गेम्समध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने 900 अंशांची गिरकी दोन्ही हात हँडलवरून सोडून मारली. मधल्या काळात नॉर्वेतल्या कड्यावरून सायकलसकट उडी घेऊन तो पॅराशूटने खालीही उतरला होता. ते धाडस मला फारसे भावत नाही. त्यात खेळापेक्षा तमाशा अधिक आहे.

मोठ्या रॅम्पचे मात्र तसे नाही. 20 मार्च 2001 रोजी त्याने पुन्हा मोटारसायकलच्या दोराने वेग घेतला. या वेळी रॅम्प 24 फुटांचा होता. कडेच्या वर तो साडेसव्वीस फूट गेला. म्हणजे जमिनीपासून साडेपन्नास फूट, पाच मजली इमारतीच्या गच्चीइतका उंच, आणि अंगाखाली वीस इंची सायकल. तिथून खाली यायला दीड-पावणेदोन सेकंद लागतात आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात जातो. हा विक्रम सात वर्षे टिकला. 2008 मध्ये केविन रॉबिन्सनने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 27 फुटांची नोंद केली. रॉबिन्सन एके काळी हॉफमन बाइक्सच्याच चमूत होता. दरम्यान 2006 पासून एक्स गेम्समध्ये सायकलींसाठी ‘बिग एअर’ ही स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली होती. ओक्लाहोमाच्या रानात ज्याला वेडेपणा म्हटले गेले, तो खेळाचा एक प्रकार झाला.

या सगळ्याची किंमत शरीराने चुकवली. हॉफमनवर वीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. मोडलेल्या हाडांची गणती वेगळीच. डोक्याला बसलेल्या माराचे तर मोजमाप करणेच अवघड. डेव्ह मिराने 4 फेब्रुवारी 2016 रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आत्महत्या केली. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा विकार आढळला. डोक्यावर वारंवार आघात झाल्याने मेंदूत होणारी ही हानी तोवर मुख्यतः मुष्टियोद्धे आणि अमेरिकन फुटबॉलपटू यांच्यात ओळखली गेली होती. साहसी खेळांतल्या खेळाडूत तिचे निदान होण्याची ही पहिली वेळ. बीएमएक्सचा इतिहास लिहिताना ही गोष्ट तळटीपेत ढकलणे अप्रामाणिकपणाचे आहे. पडण्याला शौर्य मानणाऱ्या या संस्कृतीत हॉफमनचाही वाटा होता, आणि त्याच्या पडण्याच्या चित्रफिती पाहून अनेक पोरांनी रॅम्पवर पाऊल ठेवले. हेल्मेट घातले म्हणजे भागले, हा समज मिराच्या मृत्यूनंतर कोणीही बाळगू नये. माहितीपटात हॉफमनच्या पराक्रमाला टाळ्या वाजवताना मला त्याच्या घरच्यांची आठवण जास्त येते.

आता हॉफमनच्या कामाचा शेवटचा भाग, जो कागदपत्रांत आणि बैठकांत झाला. बीएमएक्सच्या शर्यती नव्वदच्या दशकातच आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, छत्राखाली गेल्या होत्या आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दाखल झाल्या. फ्रीस्टाइल बाहेरच होते. अनेक खेळाडूंना ते तसेच हवे होते. गणवेश, राष्ट्रध्वज, अधिकारी आणि नियमपुस्तिका यांपासून पळून जाऊनच तर हा खेळ जन्मला. त्यांची भीती निराधार नव्हती. ज्यांनी कधी पेगवर पाय ठेवला नाही ते लोक उद्या गुण कसे द्यायचे ते ठरवतील, ही शंका रास्त होती. हॉफमन आंतरराष्ट्रीय बीएमएक्स फ्रीस्टाइल महासंघाचा अध्यक्ष म्हणून यात उतरला. त्याचा प्रयत्न असा, की ऑलिंपिक येणारच असेल तर चर्चेच्या टेबलावर चालवणारे बसलेले असावेत. 1992 मध्ये स्वतः स्पर्धा भरवण्यामागे जो विचार होता, तोच इथेही होता.

9 जून 2017 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने फ्रीस्टाइल बीएमएक्सच्या ‘पार्क’ प्रकाराला टोकियोसाठी मान्यता दिली. त्याच वर्षी चीनमधल्या चेंगडू इथे यूसीआयने पहिली जागतिक स्पर्धा घेतली. सपाट जमिनीवर सायकल नाचवणारा फ्लॅटलँड हा सर्वांत जुन्या बाण्याचा प्रकार बाहेर राहिला आणि हॉफमनचा लाडका उभा रॅम्पही. हा अन्याय आहे असे मी म्हणेन. निदान फ्लॅटलँडला तरी जागा मिळायला हवी होती, कारण त्याला रॅम्प लागत नाही, पैसा लागत नाही, आणि गरीब देशांतल्या मुलांना तो सर्वांत जवळचा आहे.

पण जे मिळाले त्याने कोणाचे आयुष्य बदलले, तेही पाहावे. ब्रिटनची शार्लट वर्थिंग्टन एका मेक्सिकन उपाहारगृहात शेफ होती. नोकरीतून उरलेल्या वेळात सायकल चालवायची. खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तिला निधी मिळाला, आणि ती पूर्णवेळ सराव करू लागली. 1 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत तिने पहिल्या फेरीत पूर्ण गिरकीसह उलटी कोलांटी मारायचा प्रयत्न केला आणि ती पडली. फेऱ्या दोनच, प्रत्येकी साठ सेकंदांच्या, आणि त्यांतली चांगली धरली जाते. अमेरिकेची हॅना रॉबर्ट्स 96.10 गुणांवर होती. दुसऱ्या फेरीत वर्थिंग्टनने सुरुवातीलाच तीच कोलांटी पुन्हा घेतली, या वेळी उतरली, आणि 97.50 गुणांनी जिंकली. महिलांच्या स्पर्धेत ती कसरत त्याआधी कोणी केली नव्हती. पुरुष आणि महिला दोघांनाही प्रत्येकी नऊ जागा होत्या. ऐंशीच्या दशकातल्या मासिकांत मुली क्वचितच दिसतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते.

ओक्लाहोमा सिटीतल्या सार्वजनिक स्केटपार्कला मॅट हॉफमनचे नाव दिलेले आहे. ऑलिंपिकमध्ये तो कधी खेळला नाही, खेळ तिथे पोहोचेपर्यंत त्याने पंचेचाळिशी ओलांडली होती. 31 जुलै 2024 रोजी पॅरिसच्या प्लास द ला कॉन्कॉर्दमध्ये पुरुषांची अंतिम फेरी झाली. बोलिव्हियात जन्मलेल्या आणि अर्जेंटिनाकडून खेळणाऱ्या होसे तोरेस खिल याने 94.82 गुणांनी सुवर्णपदक घेतले. त्या ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला मिळालेले ते एकमेव सुवर्ण.